सध्या एक कोर्स चालू आहे

नोकरी गेल्याचं दुःख जिची जाते तिलाच होतं. त्याबद्दलची उत्सुकता मात्र सगळ्या नात्यागोत्यात सारखी वाटली जाते. ठाण्यातल्या एका मालवाहतूक कंपनीत मी बिलिंग सांभाळत होते. मग तिथे एक सॉफ्टवेअर आलं आणि बिलिंग ते सांभाळू लागलं. आमच्याकडची बिलं कशी असतात, कुठला गिऱ्हाईक कधी पैसे बुडवतो, हे त्याला मीच शिकवलं. त्याचं शिक्षण पूर्ण झाल्यावर कंपनीने एका मेलमधून मला ‘नव्या क्षितिजांसाठी मोकळं’ केलं. मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘कृपया या मेलला उत्तर देऊ नये’ असं छापलेलं होतं, त्यामुळे क्षितिज नेमकं कुठल्या बाजूला आहे हे विचारायचीही सोय राहिली नाही.

त्यानंतर कल्याणात मी कुठेही जावं, भाजीला, बँकेत, लेकीच्या पालकसभेला, “मग सध्या काय?” हा प्रश्न माझ्या आधी तिथे पोचलेला असायचा. नोकरीवाल्याला याचं उत्तर सोपं असतं. तो “चाललंय” म्हणतो आणि सुटतो. बिननोकरीवाल्याने “चाललंय” म्हटलं की समोरचा डोळे बारीक करून विचारतो, “काय चाललंय?”

मुरबाड रोडवरच्या एका हॉलमध्ये, नवऱ्याच्या मावसभावाच्या मुलाच्या मुंजीत, मठ्ठ्याच्या पिंपापाशी मला एका चुलतसासूबाईंनी गाठलं.

“मग सध्या काय?”

“सध्या एक कोर्स करतेय,” मी म्हणाले. का म्हणाले ते त्या मठ्ठ्यालाच माहीत.

“ऑनलाइन?”

“ऑनलाइन.”

“कसला गं?”

“डेटा ॲनालिटिक्स.”

चुलतसासूबाईंनी मान डोलावली. शेजारी जिलबी घेऊन उभे असलेले, बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “हल्ली त्यालाच स्कोप आहे.” त्यांच्या सुनेने पण मान डोलावली. पुढचा प्रश्न आलाच नाही. तो यायचा तर डेटा ॲनालिटिक्स म्हणजे काय हे त्या हॉलमध्ये निदान एकाला ठाऊक असायला हवं होतं, आणि बटूपासून भटजींपर्यंत तसं कुणीही नव्हतं. माझी गणना अर्थातच त्यांच्यात.

त्या रात्री, तोंडातून गेलेला शब्द खरा करायला, मी कोर्सला नाव घातलं. आमच्या वेळी एमएस-सीआयटीला नाव घालायचं तर दोन फोटो, मार्कशीटची झेरॉक्स आणि सुट्टे पैसे घेऊन जावं लागे, शिवाय तिथली मुलगी “सर जेवायला गेलेत” म्हणून परत पाठवी. इथे नुसतं ‘एनरोल’ दाबलं आणि पडद्यावर रंगीत कागदांचे कपटे उधळले गेले. अभिनंदन! काहीही न करता एवढं अभिनंदन माझं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

या कपट्यांची चटक वाईट. डेटा ॲनालिटिक्सपाठोपाठ मी डिजिटल मार्केटिंगला नाव घातलं, मग पायथनला, मग वाटाघाटींच्या कौशल्याला, आणि एकदा मध्यरात्री, झोप येत नव्हती म्हणून, सुखी कसं राहावं याच्या कोर्सलाही. ‘तुमचा सुखाचा पहिला आठवडा थकला आहे’ अशी मेल आल्यापासून तर झोप पुरतीच उडाली. नवरा म्हणाला, “अगं, यातला एखादा कर तरी.” त्याला काय कळणार? नाव घालण्यात शिकण्याचा सगळा आनंद मिळून जातो, पुढे उरतो तो नुसता अभ्यास.

आणि यात मी एकटी नाही. या प्रकाराला खरी भरती आली ती २०११ साली. स्टॅनफर्डमधल्या सेबास्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग या दोघांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा आपला कोर्स इंटरनेटवर सगळ्या जगाला फुकट खुला केला आणि १ लाख ६० हजार लोकांनी नाव घातलं. पुढच्याच वर्षी कोर्सेरा निघालं, हार्वर्ड आणि एमआयटीने मिळून एडेक्स काढलं, आणि शिक्षणात क्रांती झाल्याचं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. मग कुणाला तरी हजेरी घ्यायची दुर्बुद्धी झाली. २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एमआयटीतल्या दोन संशोधकांनी हार्वर्ड-एमआयटीच्या ऑनलाइन कोर्सेसचा हिशेब मांडला. नाव घातलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्सच्या आत पाऊलसुद्धा टाकलेलं नव्हतं. २०१७-१८ मध्ये शेवटपर्यंत तग धरलेले होते शंभरातले जेमतेम तीन.

हे वाचून मला जे समाधान झालं ते सुखाच्या कोर्सनेही दिलं नसतं. मी आयुष्यात कधी बहुमतात नव्हते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये लिफ्टच्या ठरावावरसुद्धा मी एकटी पडले होते. आणि इथे हार्वर्डला नाव घालणाऱ्यांतले निम्म्याहून जास्त लोक माझ्या बाजूने!

पण चुलतसासूबाईंचा फोन कधीही येऊ शकत होता. तेव्हा एका सकाळी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी डेटा ॲनालिटिक्सचा पहिला धडा उघडला. समोर सासूबाई मेथी निवडत होत्या. पडद्यावर जांभळी फुलं आली.

“हा काय फुलांचा क्लास आहे गं?”

“नाही आई, हा डेटा आहे.”

“कसली फुलं ही?”

“आयरिस.”

“देवाला चालतात?”

“वाहायची नाहीयेत. मोजायचीत. पाकळीची लांबी-रुंदी मोजून फूल कुठल्या जातीचं ते ओळखायचं.”

“त्यापेक्षा फुलवालीला विचार की.”

एडगर अँडरसन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने मोजलेली ही फुलं. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९३६ साली ती आपल्या निबंधात घेतली. तीन जाती, प्रत्येकीची पन्नास, एकूण दीडशे. तेव्हापासून संख्याशास्त्राचे आणि आता डेटाचे जगभरचे विद्यार्थी तीच दीडशे फुलं हाताळताहेत. शिवाजी चौकातल्या फुलवालीने इतक्या हातांतून गेलेली फुलं संध्याकाळीसुद्धा कुणाला दिली नसती. मी ती मनोभावे मोजली. तरी नोकरीच्या एकाही जाहिरातीत ‘आयरिस ओळखता येणे आवश्यक’ अशी अट मला आजवर दिसलेली नाही.

पुढच्या धड्यात बोट बुडाली. टायटॅनिक. डेटाचा कोर्स, मग तो कुठलाही असो, ही बोट बुडाल्याशिवाय पुढे सरकत नाही. ८९१ प्रवाशांची एक यादी देतात: नाव, वय, स्त्री की पुरुष, तिकिटाचा वर्ग, भाडं आणि वाचला की नाही. त्यावरून यंत्राला शिकवायचं आणि मग नव्या प्रवाशाचं काय होईल ते यंत्राने सांगायचं.

“ही ती सिनेमातली बोट ना?” सासूबाई.

“हो.”

“कधी बुडाली?”

“१९१२ साली.”

“मग तू आता काय करतेस?”

“कोण वाचेल त्याचं भाकीत.”

सासूबाईंनी मेथीची काडी खाली ठेवली. “अगं, जे वाचले तेसुद्धा आता गेले असतील.”

मी शोधलं. खरंच गेले होते. शेवटच्या उरलेल्या मिल्विना डीन २००९ साली वारल्या. बोट बुडाली तेव्हा त्या तान्ह्या होत्या. सासूबाईंनी “चला, वयोमानाने गेल्या,” एवढं म्हणून पुन्हा मेथी उचलली.

त्यानंतर मी यंत्राला शिकवायला बसले. एका ठिकाणी स्वल्पविराम राहिला म्हणून ते रुसलं. तो घातला तर दुसरीकडे दोन जागा जास्त सुटल्या म्हणून रुसलं. मग म्हणालं, अमुक फाइलच सापडत नाही. फाइल डोळ्यांसमोर होती. कुकर झाला, पाणी येऊन गेलं, लेक शाळेतून आली, तिने “आई, हे तू कशासाठी करतेयस?” असं विचारलं, त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हतं. अखेर सासूबाईंनीच मान वर न करता निकाल सांगितला.

“बायका वाचल्या असतील. पोरं वाचली असतील. वरच्या वर्गातले पैसेवाले वाचले असतील. खालच्या वर्गातले पुरुष गेले असतील. यात शिकायचंय काय?”

संध्याकाळी यंत्र एकदाचं चाललं आणि त्याने अदबीने हेच सांगितलं. यादीतल्या साधारण ७४ टक्के बायका वाचल्या, पुरुष १९ टक्के. पहिल्या वर्गातले ६३ टक्के, तिसऱ्या वर्गातले २४. फरक एवढाच की सासूबाईंची तोवर मेथीही निवडून झाली होती. त्या दिवसापासून मी लॅपटॉप उघडला की त्या खुर्ची ओढून बसतात आणि विचारतात, “आज कोण बुडालं?”

पायथनची सुरुवात त्या मानाने शुभ झाली. संगणकाकडून ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढं छापून घ्यायचं. ब्रायन कर्निगन आणि डेनिस रिची यांच्या सी भाषेवरच्या १९७८ च्या पुस्तकाने रूढ केलेला हा प्रघात अजून चालू आहे. मी जगाला हॅलो म्हटलं. जगाने उत्तर दिलं नाही. इतक्या कंपन्यांना अर्ज पाठवून बसल्यामुळे मला ते लागलंही नाही.

शिकायचं कसं हे शिकवणाराही एक कोर्स आहे, आणि तो जगात फार गाजलेला आहे. बार्बरा ओकली नावाच्या प्राध्यापिका त्यात सांगतात की पंचवीस मिनिटं घड्याळ लावून एकचित्ताने बसा, मग थोडी विश्रांती घ्या. ही युक्ती फ्रान्चेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थांची. विद्यार्थी असताना त्यांनी स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला होता. मला वाटतं, त्यांच्या स्वयंपाकघरात दुसरं कुणी राहत नसावं. आमच्याकडे पंचवीस मिनिटांत कचरेवाली येते, इस्त्रीवाला येतो, शेजारच्यांचं कुरिअर येतं (शेजारच्यांना नोकऱ्या आहेत, त्यामुळे त्यांची सगळी कुरिअरं मी घेते) आणि वॉचमन वर येऊन सांगतो की उद्या पाणी नाही. शेवटी मी कुकरवर माप ठरवलं. तीन शिट्ट्यांचा एक धडा. तूरडाळ जुनी निघाली त्या दिवशी माझं अख्खं रिग्रेशन संपलं.

तरीही मी हे सोडलं नाही, कारण कोर्सला टक्के असतात. वर एक हिरवी पट्टी असते. व्हिडिओ पाहिला की ती जराशी सरकते, डुलकी लागली तरी सरकते. ३४ टक्के पूर्ण, ३७ टक्के पूर्ण. नोकरी शोधण्याला अशी पट्टी नसते. ढीगभर अर्ज करा, प्रत्येक ठिकाणी आधी सीव्ही जोडा आणि मग त्यातलंच सगळं पुन्हा रकान्या-रकान्यांत टाइप करा, तरी कुणी सांगत नाही की बाई, तुमची नोकरी ३७ टक्के मिळाली आहे. नवरा रात्री घरी येऊन विचारायचा, “आज काय झालं?” पूर्वी मी गप्प बसायचे. आता म्हणते, “चार टक्के.” तोही समाधानाने हात-पाय धुवायला जातो.

गृहपाठाची गंमत वेगळीच. एका वर्गात हजारो विद्यार्थी, तेव्हा वह्या तपासायला मास्तर कुठून आणणार? म्हणून एकमेकांच्या तपासायच्या, त्याही नावं न कळता. माझ्या वाट्याला आलेल्या एका गृहपाठात कोरं पान होतं आणि मधोमध एकच ओळ: “ब्रो, प्लीज पास कर दो, सोमवार को इंटरव्ह्यू है.” मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. ‘सुधारणेसाठी सूचना’ हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाता येईना, म्हणून ‘इंटरव्ह्यूला वेळेवर पोचा’ असं लिहिलं. माझा स्वतःचा गृहपाठ, ज्यात मी बुडालेल्या बोटीवरच्या ८९१ जणांचे रंगीत तक्ते काढले होते, कुणीतरी नापास केला. शेरा होता: ‘रंग फार.’

आता सासऱ्यांकडे वळते. जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागातून ते निवृत्त झाले. टायपिंग मराठी तीसचं, इंग्रजी चाळीसचं, दोन्ही सरकारी परीक्षा पहिल्या फटक्यात पास. माझं पहिलं सर्टिफिकेट (कोर्स चार तासांचा, विषय ‘ईमेलमधील सौजन्य’) मी त्यांना कौतुकाने दाखवलं.

“सही कुणाची आहे?”

“डिजिटल आहे, बाबा.”

“शिक्का?”

“शिक्का नसतो.”

“जावक क्रमांक?”

“बाबा, तो नाही, पण खाली एक लिंक आहे. तिच्यावर टिचकी मारली की खरं-खोटं कळतं.”

त्यांनी कागदावरच्या लिंकवर बोट टेकवून पाहिलं. काही झालं नाही. तरीही ते खाली जाऊन त्याचं लॅमिनेशन करून आले आणि एक प्लॅस्टिकची फाइल घेऊन आले, जिच्यावर त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘सूनबाई – शैक्षणिक – चालू.’

मग त्यांना एनपीटीईएलचा शोध लागला. आयआयटी आणि बंगळूरची आयआयएससी यांनी मिळून २००३ साली सुरू केलेला हा उपक्रम. व्याख्यानं बघायला फुकट. सासऱ्यांना त्यातलं सगळ्यात काय आवडलं, तर परीक्षा. घरबसल्या नाही. फी भरायची, हॉल तिकीट काढायचं, ओळखपत्र घेऊन केंद्रावर जायचं, लोकांच्या देखत बसायचं. निकालात दर आठवड्याच्या गृहपाठाचे पंचवीस टक्के आणि परीक्षेचे पंच्याहत्तर. “याला म्हणतात कोर्स,” ते म्हणाले आणि माझ्या फाइलकडे बघणं त्यांनी टाळलं. त्यांनी स्वतःच नाव घातलं, मातीच्या अभियांत्रिकीला. “जन्मभर रस्त्यांच्या फायली चालवल्या. रस्ता का खचतो, ते एकदा कळू दे.”

रोज सकाळी चहा झाला की ते दोनशेपानी वही, चष्मा आणि लाल-निळं पेन घेऊन बसत. व्हिडिओ दीडपट वेगाने पाहत नसत, उलट थांबवून प्राध्यापकांनी फळ्यावर काढलेली आकृती पट्टीने वहीत उतरवत. परीक्षेच्या दिवशी सासूबाईंनी त्यांच्या हातावर दही ठेवलं. पासष्ट टक्के पडले. तिथे साठच्या वर गेलं की सर्टिफिकेटवर ‘एलिट’ असं छापून येतं. आमच्या घरात एलिट असं कुणी पूर्वी झालेलं नव्हतं, त्यामुळे पेढे आणले गेले. चुलतसासूबाईंचा फोन आला, तो त्यांच्यासाठी. “या वयात! आणि ते आयआयटीचं!” मागून माझी आठवण निघाली असावी, कारण सासरे म्हणताना ऐकू आलं, “तिचंही चालू आहे. चालूच आहे.”

रस्ता का खचतो हे मी त्यांना विचारलं. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, “मातीचा काही दोष नाही.” त्याहून जास्त बोलले नाहीत. पेन्शन चालू आहे ना.

मग मी लिंक्डइनवर गेले. तिथे नोकरी शोधणाऱ्याच्या फोटोभोवती एक हिरवं कडं घालता येतं. कड्यातला माणूस मोकळा आहे, कुणीही न्यावा. मी कडं घातलं आणि ‘हे जाहीर करताना मी अत्यंत भारावून गेले आहे’ या शब्दांत ईमेलमधील सौजन्याचं सर्टिफिकेट लावलं. भारावण्याची तिथे सक्तीच आहे. कुणी नुसता पास झालेला मला दिसला नाही, जो तो भारावूनच पास होतो. माझ्यावर अभिनंदनाचा पाऊस पडला. बारकाईने पाहिलं तर अभिनंदन करणाऱ्या प्रत्येकाभोवती हिरवं कडं होतं. मीही उलट जाऊन त्यांचं अभिनंदन केलं. कुणी क्लाउड संपवलं होतं, कुणी चपळ व्यवस्थापन, एकाने तर नेतृत्व दोन तासांत संपवलं होतं. बिनकड्याचा माणूस शोधून शोधून एकच सापडला. तो विमा विकतो. त्याने रात्री खासगी निरोप पाठवला, “ताई, कोर्स झाला, आता पुढचं प्लॅनिंग काय?”

आणि एक दिवस ऐरोलीच्या एका कंपनीने खरोखर इंटरव्ह्यूला बोलावलं. सासऱ्यांनी फाइल दिली. सासूबाईंनी दही. समोर बसलेली मुलगी माझ्या लेकीहून फार मोठी वाटली नाही.

“मॅम, प्रोफाइल इंटरेस्टिंग आहे तुमचं. पण हा मधला गॅप...”

“त्यात मी कोर्स केले. हे सगळे.” मी फाइल पुढे सरकवली. लॅमिनेशन चकाकलं.

“हो, ते दिसतंय. पण कोर्स करताना तुम्ही काय करत होतात?”

मी विचारात पडले. “शिकत होते.”

तिने पडद्यावरच्या यादीत वर-खाली पाहिलं. “शिकत असणं हा ऑप्शन नाहीये मॅम. नोकरी, स्वतःचा व्यवसाय, नाहीतर काही नाही.”

“मग काही नाही.”

“थँक यू.” तिने मनापासून आभार मानले. “आणि तुमचा अनुभव बिलिंगचा. आमच्याकडे बिलिंग आता हे सॉफ्टवेअर बघतं.” तिने नाव सांगितलं.

मला एकदम माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. “अगं, ह्याला तर मीच शिकवलंय!”

“ओह, ग्रेट! मग त्याचं सर्टिफिकेट आहे?”

“नाही, म्हणजे, मी शिकले नाही. शिकवलं.”

“शिकवल्याचं सर्टिफिकेट?”

फाइलमध्ये ईमेलमधील सौजन्य होतं, वाटाघाटी होत्या, आयरिसची फुलं होती, चुकून सासऱ्यांची माती पण आली होती. शिकवल्याचं मात्र काही नव्हतं. मातीचं सर्टिफिकेट तिने उचलून बारकाईने पाहिलं आणि म्हणाली, “हे छान आहे. एलिट. हे सर अव्हेलेबल आहेत का?”

दोन-चार दिवसांनी मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना फोन आला.

“मॅडम, अभिनंदन! तुमचं प्रोफाइल शॉर्टलिस्ट झालंय!”

हातातला टॉवेल खाली पडला. “ऐरोलीचं?”

“नाही मॅडम, आमच्या ॲडव्हान्स्ड डेटा सायन्स विथ एआय प्रोग्रॅमसाठी. पंच्याऐंशी हजारांचा कोर्स आहे मॅडम, आज रात्री बारापर्यंत फक्त एकोणचाळीस हजार नऊशे नव्याण्णव. दोनच सीट उरल्यात.”

“ऑनलाइन आहे ना?”

“हो मॅडम. शंभर टक्के ऑनलाइन.”

“मग सीट कशी संपते?”

पलीकडे शांतता. मागे आणखी पन्नास जण पन्नास जणांना अभिनंदन करताना ऐकू येत होते. “सिस्टिममध्ये दोनच दाखवतंय मॅडम.”

“नोकरीचं काय?”

“प्लेसमेंट असिस्टन्स आहे ना मॅडम. शंभर टक्के.”

“म्हणजे नोकरी देता?”

“नाही मॅडम. असिस्टन्स देतो. म्हणजे सीव्ही बघून देतो.”

मुलगा गुणी वाटला. मी टॉवेल उचलून झटकला. “एक विचारू? तू स्वतः केलायस का रे हा कोर्स?”

“केलाय ना मॅडम. मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे, बीडचा. एक वर्ष घरी होतो. मग हा कोर्स केला.”

“मग नोकरी लागली?”

“लागली ना मॅडम!” आवाजात पहिल्यांदाच खरा उत्साह आला.

“कुठे?”

“इथंच.”

मी दोरीला चिमटा लावला. मला फोनवर बोलायची सवय आहे. थकलेली बिलं मी वर्षानुवर्षं फोनवरूनच वसूल केली. बुडव्याकडूनसुद्धा पैसे निघाले पाहिजेत आणि त्याने शेवटी थँक यू म्हटलं पाहिजे, ही माझी पद्धत होती. मी आवाज उतरवून विचारलं, “काय रे, तुमच्याकडे एखादी जागा निघेल का?”

“निघेल ना मॅडम. लोक येतात-जातात, कायम निघते. तुमचा आवाज पण चांगलाय. फक्त जॉइन व्हायच्या आधी एक सर्टिफिकेशन कंपल्सरी असतं.”

“कसलं?”

“हेच मॅडम. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, त्याच्या पण दोनच सीट उरल्यात.”